नावारचें पाचारान

संत फ्रान्सिस झेवियर इ. स. १५०६ मध्यें ज्या नावार देशांत जन्मास आले, तो देश आज स्पेनच्या उत्तरेकडील एक प्रांत आहे. ज्या संताचीं पावलें पुढें गोमंतकास व वसईसही लागलीं, त्याची जन्मभूमि भाविकांस नांवानें परिचित आहेच. परंतु तेथील घराघरांतून चालत आलेल्या एका लहानशा वस्तूची माहिती आपल्याकडे फारशी कोणास नसावी. ती वस्तु म्हणजे पाचारान नांवाचें तांबडें, गोडसर मद्य.

तें ज्या रानफळापासून होतें, त्याचें झुडूप आपल्या करवंदाच्या जाळीची आठवण करून देणारें आहे, जरी कूळ निराळें. कांटे लांब व तीक्ष्ण. वसंताच्या आरंभीं, पानें फुटण्यापूर्वींच, सगळें झुडूप पांढऱ्या फुलांनीं झांकून जातें. शरदांत निळसर काळीं, बोराएवढीं फळें धरतात. जातीनें हें रानटी आलुबुखार. 'बासारान' म्हणजे रानआलुबुखार, ह्या बास्क शब्दावरून मद्याचें नांव पडलें असें बहुतेक मानितात. फळ तोंडांत टाकावें तर जीभ आंखडून जावी इतकें तुरट! तरी मनुष्यानें त्यास टाकाऊ मानिलें नाहीं. आल्प्सच्या बर्फांत १९९१ सालीं सुमारें ५३०० वर्षांपूर्वींचा जो मनुष्यदेह सांपडला, त्याच्याजवळही हें फळ मिळालें.

कृति साधी आहे. फळें शरदांत वेंचावीं, न ठेंचतां अखंडच बाटलींत घालावीं, बडीशेपेसारख्या वासाच्या ॲनिस नामक बियांचा गंध दिलेलें मद्य वर ओतावें, आणि बाटली कांहीं महिने अंधाऱ्या जागीं ठेवावी. कोणी दालचिनीचा तुकडा घालितात, कोणी कॉफीचे चार दाणे. मद्य हळूहळू तांबडें होतें व फळाचा तुरटपणा सौम्य होऊन त्यांत उतरतो. फार दिवस ठेविल्यास आंठळीची कडू चव येते, म्हणून वेळींच गाळून घ्यावें लागतें. जेवणानंतर अन्न पचावें म्हणून थोडेसें घेण्याची तेथें रीत आहे.

आतां इतिहास. नावारची राणी ब्लांका १४४१ सालीं सांता मारिया दे निएवा येथें मरण पावली. तेथील मठांत तिनें हें मद्य औषध म्हणून घेतलें, अशी कथा सांगतात. ही कथा विकणाऱ्यांच्या फार सोयीची आहे, आणि म्हणूनच ती जपून ऐकावी. ऊर्ध्वपातित मद्य त्या काळीं मुख्यत्वें औषधच होतें, हें खरें. १३११ त मरण पावलेला कातालोनियाचा प्रसिद्ध वैद्य आर्नाउ दे विलानोव्हा ह्याचें नांव अशा मद्याशीं निगडित आहे. परंतु गोड ॲनिसच्या मद्याचे कारखाने स्पेनमध्यें वाढले ते एकोणिसाव्या शतकांत. तेव्हां राणीच्या पेल्यांत कांहीं असलेंच, तरी तें आजचें पाचारान नव्हे, असें आमचें मत आहे. राणीचें नांव मात्र टिकलें. ज्या गृहिणींनीं व मेंढपाळांनीं कांट्यांत हात घालून पिढ्यान्पिढ्या ही कृति जिवंत ठेविली, त्यांची नोंद कोणत्या दप्तरांत शोधावी? पॅरिशच्या वह्यांतही बाप्तिस्मा, विवाह व मरण तेवढें लिहिलेलें असतें. माजघरांतील बाटली कोण लिहितो?

कागद आला तो विक्रीबरोबर. १९५० नंतरच्या दशकांत पाचारान दुकानांतून मोठ्या प्रमाणावर विकलें जाऊं लागलें, आणि १९८८ त सरकारी नियमानें 'नावारचें पाचारान' ह्या नांवास संरक्षण मिळालें: लिटरमागें निदान १२५ ग्रॅम फळें, एक ते आठ महिने भिजवण, मद्यार्क शेंकडा २५ ते ३०, वरून रंग घालणें निषिद्ध. नियम चांगलाच आहे. भेसळीपासून वस्तु वांचली. परंतु एकाच घरचें दालचिनीचें व शेजारचें कॉफीचें, हा भेद त्यांत कोठें बसावयाचा? शिवाय मागणी इतकी वाढली कीं रानांतील फळें पुरेनात, आणि ज्या झुडुपास शेतकरी कुंपणाबाहेर ठेवीत, त्याच्याच बागा लावाव्या लागल्या.

डोंगरउतारांवरून मात्र शरदऋतूंत लोक अद्यापि टोपल्या भरून फळें वेंचून नेतात. त्यांच्या बाटल्यांवर राणीचें किंवा दुसरें कोणाचें नांव चिकटविलेलें नसतें.