कलम तगले, जखम उरली

पायाच्या रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेचा इतिहास लिहिणारा प्रत्येकजण ३ जून १९४८ या तारखेपाशी थांबतो. त्या दिवशी पॅरिसमध्ये झाँ क्युनलँ यांनी एका रुग्णाच्या मांडीतल्या बंद पडलेल्या धमनीला वळसा घालून त्याच्याच पायातली सॅफेनस शीर जोडली. रेने लरिश यांच्या पठडीतले उपाय करूनही त्या रुग्णाचे गँग्रीन हटले नव्हते. शिरेतल्या झडपा रक्त हृदयाकडेच जाऊ देतात, म्हणून शीर उलटी करून बसवली. तिची टोके धमनीच्या कापलेल्या तोंडाशी न जोडता धमनीच्या कुशीला जोडली, त्यामुळे धमनीच्या उरल्यासुरल्या शाखाही वाचल्या.

हे सारे खरे आणि थोरही. मला मात्र जुने शोधनिबंध वाचताना खटकत आले ते वेगळेच. पावलावरची जखम भरावी म्हणून केलेली ही शस्त्रक्रिया त्याच पायाला नवी जखम देते, आणि तीही कधीकधी जांघेपासून घोट्यापर्यंत. इतिहासात या दुसऱ्या जखमेच्या वाट्याला तळटीपच आली.

ती चिघळते का, याचे उत्तर शरीररचनेतच आहे. शीर शोधताना छेद तिच्या नेमका वर पडला नाही, तर कातडीखालचा थर मोकळा करावा लागतो. मग आधीच रक्ताला पारखी झालेली ती कातडी कडेने काळी पडते. जांघेत लसिकावाहिन्यांचे जाळे असते. ते तुटले की जखमेतून पाण्यासारखा स्राव दिवसेंदिवस गळत राहतो. शिवाय बोटावरच्या सडक्या जखमेतले जंतू याच वाहिन्यांवाटे वर चढतात. बंद पडलेला प्रवाह अचानक सुरू झाला की पाय सुजतो आणि टाक्यांवर ताण येतो. एकच सलग छेद घेण्याऐवजी मध्ये कातडीचे पूल राखून तुटक छेद घेण्याची रीत आली ती यासाठीच.

माझ्या मते या विषयातला खरा टप्पा १९७२ सालचा. हंगेरीत जन्मलेले आणि डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलात काम केलेले सिलाजी यांनी कृत्रिम कलमांच्या संसर्गाच्या तीन पायऱ्या ठरवल्या: संसर्ग कातडीपुरता, कातडीखालच्या चरबीपर्यंत, किंवा थेट कलमापर्यंत. किती साधी वाटणी! पण तिच्यामुळे खाटेपाशी उभ्या असलेल्या डॉक्टरला नेमका प्रश्न मिळाला. पहिल्या पायरीला प्रतिजैविके आणि ड्रेसिंग पुरते. दुसरीला जखम उघडून पू आणि मेलेला भाग काढावा लागतो. तिसरीला मात्र जिवाशी गाठ असते, कारण सांध्याशी धमनी कुजून फुटली तर रक्तस्राव काही मिनिटांत जीव घेऊ शकतो.

उघड्या पडलेल्या कलमावर मांडीतला सार्टोरियस स्नायू वळवून पांघरूण घालतात. (लॅटिनमध्ये सार्टोर म्हणजे शिंपी. मांडी घालून बसायला मदत करणारा हा स्नायू इथे ठिगळाच्याही कामी येतो, हा योग मला गमतीचा वाटतो.) तेही जमण्यासारखे नसेल तर शॉ आणि बाउ यांनी १९६३ मध्ये सुचवलेला मार्ग उरतो: दूषित जांघ टाळून, कटीच्या हाडातल्या ऑब्ट्युरेटर छिद्रातून नवे कलम निरोगी मांसात नेणे. नदीकाठचे गाव पुरात गेल्यावर रस्ताच डोंगराच्या बाजूने वळवावा, तसे हे.

आणि हे सगळे क्वचित घडते, असे कुणी समजू नये. पाय जाण्याची वेळ आलेल्या रुग्णांवरील १४०४ शिरा-बायपासांचा एक आढावा २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३९ टक्के रुग्णांच्या जखमांमध्ये काही ना काही गुंतागुंत नोंदली आहे. स्त्रियांमध्ये आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये ती अधिक दिसली. या गोळ्या बहुधा कलम बंद पडू नये म्हणूनच दिल्या जातात. त्या थांबवाव्यात तर कलम जाईल, चालू ठेवाव्यात तर जखमेत रक्त साठेल; हा पेच डॉक्टरला प्रत्येक रुग्णापाशी नव्याने सोडवावा लागतो.