इथिओपिया : सक्तीचं धर्मांतर आणि त्याची परतफेड

छळाचा इतिहास आपण बहुतेक वेळा शेवटच्या पानापासून वाचतो. कोणाला हाकललं, कोणाला फाशी दिली, एवढंच लक्षात राहतं. इथिओपियाची गोष्ट मात्र जरा मागून सुरू करायला हवी.

हा देश चौथ्या शतकापासून ख्रिस्ती. त्यांचा मुख्य धर्मगुरू, म्हणजे अबुन, इजिप्तमधून नेमून यायचा. रोमच्या पोपशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. १५४१ मध्ये इमाम अहमदच्या स्वारीविरुद्ध चारशे पोर्तुगीज सैनिक मदतीला आले. वास्को द गामाचा मुलगा क्रिस्तोव्हाव त्यांचा सेनापती होता. सैनिकांच्या मागोमाग जेझुइट पाद्री आले, आणि त्यांचं मुख्य ठाणं होतं आपलं गोवा.

त्यांतला पेद्रो पाएस हा धीराचा माणूस. १५८९ मध्ये गोव्याहून निघाला, वाटेत पकडला गेला, वर्षानुवर्षं अरबस्तानात कैदेत राहिला, तरी १६०३ मध्ये इथिओपियात पोहोचलाच. तिथली भाषा शिकला, वाद घालताना घाई केली नाही. सम्राट सुसेन्योसने कॅथलिक पंथ स्वीकारला तो त्याच्याच प्रभावाने. पण १६२२ मध्ये पाएस वारला.

त्याच्यानंतर आला पॅट्रिआर्क अफोन्सो मेंदेस. १६२६ मध्ये सम्राटाने जाहीरपणे पोपचं वर्चस्व मान्य केलं, आणि मेंदेसने सगळंच बदलायला घेतलं. लोकांचा पुन्हा बाप्तिस्मा, पाद्र्यांना पुन्हा दीक्षा, शनिवारचा शब्बाथ बंद, सुंता बंद. आता बघा, हजार वर्षांहून जुन्या ख्रिस्ती माणसाला 'तुझा बाप्तिस्माच खोटा' असं सांगायचं, म्हणजे त्याच्या आजा-पणजालाही पाखंडी ठरवायचं!

बंडं पेटली. १६३२ मध्ये सम्राटाने लढाई जिंकली, पण रणात पडलेले हजारो शेतकरी त्याचीच प्रजा होती. त्याने जुना धर्म परत मोकळा केला आणि राज्य मुलाकडे, फासिलिदेसकडे सोपवलं.

फासिलिदेसने जेझुइटांना देशाबाहेर घालवलं. मेंदेस गोव्याला परतला, १६५६ मध्ये तिथेच वारला. जे पाद्री लपून राहिले ते मारले गेले. १६३८ मध्ये गोंदरला आगातांज आणि कासियाँ या दोन फ्रेंच कॅपुचिन साधूंना फाशी झाली.

हे दोघे जेझुइट नव्हते, मेंदेसच्या सक्तीत त्यांचा काडीचाही हात नव्हता. ते इजिप्तमधून आले होते, आणि तिथल्या कॉप्टिक लोकांशी त्यांनी सलोखा ठेवला होता. पण एकदा धर्म राजाज्ञेने लादला गेला, की पुढे 'कॅथलिक' या शब्दालाच शत्रूचा वास येतो, आणि नंतर येणाऱ्या निरपराध माणसालाही तो चिकटतो.

म्हणून मेंदेसची सक्ती सांगून ही फाशी न्याय्य ठरत नाही, आणि फाशी सांगून सक्ती झाकता येत नाही. दोन्ही अन्याय एकाच चुकीतून आले. लोकांनी काय मानायचं हे सिंहासन ठरवू शकतं, असं बाप आणि लेक दोघांनाही वाटत होतं. फक्त पंथ बदलला होता.

आज इथेच थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.