साडेसोळा मिलिमीटरची कुळकथा

आयर्लंडच्या रेल्वेची छोटी इंजिने आणि डबे आज तयार विकत मिळतात, ते साडेसोळा मिलिमीटर रुंदीच्या रुळावर चालतात. डब्लिनच्या किंवा इंग्लंडमधल्या विक्रेत्याकडून मागवलेले खोके अंधेरीत, बोरिवलीत, मुलुंडला किंवा घाटकोपरला उघडले, की आतले इंजिन बाजारातल्या कोणत्याही 'ओओ' रुळावर बिनतक्रार उभे राहते. मात्र ही रुंदी आयर्लंडची नव्हे. आयर्लंडचा रूळ ५ फूट ३ इंच, म्हणजे १,६०० मिलिमीटर रुंद आहे. ओओचे प्रमाण फुटाला चार मिलिमीटर, सुमारे १:७६. त्या हिशेबाने आयरिश गाडीच्या चाकांखाली २१ मिलिमीटरचा रूळ हवा. मुंबईच्या लोकलचा रूळ ५ फूट ६ इंच, म्हणजे १,६७६ मिलिमीटर. त्याच प्रमाणात तो २२ मिलिमीटर भरतो. उलट साडेसोळा मिलिमीटर याच प्रमाणात मोठे केले तर ४ फूट दीड इंच येतात, आणि तेवढ्या रुंदीचा रूळ यांपैकी कोणत्याच रेल्वेत नाही.

म्हणून या छंदाची कुळकथा दोन आकड्यांची आहे. एक मोठ्या रुळाचा, दुसरा खेळण्याच्या रुळाचा. मोठ्या रुळाचा माग काढत गेले की आयर्लंड आणि मुंबई लंडनच्या एकाच सरकारी खात्यात येऊन भेटतात.

आयर्लंडची पहिली रेल्वे १८३४ साली डब्लिन ते किंग्सटाउन धावली, तिचा रूळ इंग्लंडसारखाच ४ फूट साडेआठ इंचांचा होता. १८३९ साली बेलफास्टकडून निघालेल्या अल्स्टर रेल्वेने ६ फूट २ इंच धरले. डब्लिन–ड्रोएडा कंपनीने खर्च वाचवण्यासाठी ५ फूट २ इंच ठरवले. तीन कंपन्या, तीन रूळ. भांडण लंडनच्या 'बोर्ड ऑफ ट्रेड' या व्यापार खात्याकडे गेले आणि रेल्वेचे मुख्य निरीक्षक मेजर-जनरल चार्ल्स पास्ली यांनी ५ फूट ३ इंचांचा निवाडा दिला. १८४६ च्या गेज, म्हणजे रुळाच्या रुंदीच्या, कायद्याने तो पक्का केला: ग्रेट ब्रिटनला ४ फूट साडेआठ इंच, आयर्लंडला ५ फूट ३ इंच.

हा आकडा कसा निघाला, याच्या दोन कथा आहेत. पहिली जास्त ऐकू येते: पास्लींनी तिन्ही आयरिश रुळांची सरासरी काढली. ती कागदावर मांडून पाहावी. साडेछप्पन्न, बासष्ट आणि चौऱ्याहत्तर इंचांची बेरीज साडेएकशेब्याण्णव. तिसरा हिस्सा चौसष्टच्या थोडा वर, म्हणजे ५ फूट ४ इंचांहून अधिक. इंचभर चूक करण्याइतके पास्ली कच्चे नव्हते. ते सैन्यातले इंजिनिअर होते. दुसऱ्या कथेत पास्लींनी स्टीफन्सन पितापुत्रांसह नामवंत इंजिनिअरांची मते घेतली. सगळे नव्याने सुरू करायचे असेल तर ५ फूट ते ५ फूट ६ इंच या टप्प्यातली रुंदी बरी, असा त्या मतांचा रोख होता. या टप्प्याचा मध्य बरोबर ५ फूट ३ इंच येतो. गणित दुसऱ्या कथेच्या बाजूने उभे राहते, म्हणून तीच खरी धरावी.

या टप्प्याचे वरचे टोक मुंबईकराने नीट पाहण्यासारखे आहे. ५ फूट ६ इंच हा हुबेहूब भारतीय ब्रॉडगेज आहे.

हा योगायोग असता तर गोष्ट इथेच संपली असती. पण ज्या काळात पास्ली बोर्ड ऑफ ट्रेडमध्ये रेल्वे तपासत होते, त्याच काळात त्या खात्याच्या वरच्या खुर्चीवर बसलेला माणूस पुढे भारतात आला. लॉर्ड डलहौसी १८४३ पासून या खात्याचे उपाध्यक्ष आणि १८४५–४६ मध्ये अध्यक्ष होते. आयर्लंडचा वाद, इंग्लंडमधल्या इंजिनिअर ब्रुनेलच्या ७ फुटी रुळाविरुद्धचे 'गेजचे युद्ध', त्यावर नेमलेला आयोग, हे सारे त्यांच्या डोळ्यांसमोर घडले. १८४८ साली ते गव्हर्नर जनरल झाले. रुळाची रुंदी एकदा चुकली की पुढच्या पिढ्यांना किती महाग पडते, हे त्यांच्याइतके ताजे कोणालाच ठाऊक नव्हते.

भारतासाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांचा ओढा ४ फूट साडेआठ इंचांकडे होता. सरकारचे सल्लागार इंजिनिअर फ्रेडरिक सिम्स यांनी ५ फूट ६ इंच सुचवले. डलहौसी यांनी १८५० मध्ये ६ फुटांचा आग्रह धरला. अखेर सिम्स यांचा आकडा मान्य झाला, आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची गाडी ५ फूट ६ इंचांवर धावली. घाटकोपर आणि मुलुंड याच वाटेवरची. १८६७ मध्ये बॉम्बे बरोडा कंपनीची लोकल विरारहून अंधेरीमार्गे बॅकबेला येऊ लागली, तीही याच रुळावरून.

५ फूट ६ इंच म्हणजे संचालकांच्या आणि डलहौसींच्या आकड्यांमधली तडजोड, असे सर्रास सांगितले जाते. पुन्हा हिशेब करावा: साडेछप्पन्न आणि बहात्तर इंचांचा मध्य ५ फूट सव्वाचार इंच येतो. सरासरीची कथा आयर्लंडसारखी इथेही पडते. दुसरा दावा अधिक भक्कम आहे. स्कॉटलंडमध्ये डंडी–आर्ब्रोथ आणि आर्ब्रोथ–फॉरफार या रेल्वे १८३८ च्या सुमारास ५ फूट ६ इंचांवरच बांधल्या गेल्या होत्या, आणि डलहौसी स्वतः स्कॉटिश होते. पण ५ फूट ६ इंच मागणारे डलहौसी नव्हते, सिम्स होते; म्हणून स्कॉटलंडचा धागा इथे तुटतो. तिसरे स्पष्टीकरण वादळवाऱ्याचे: रुंद पायावरची गाडी भारतातल्या वाऱ्यात स्थिर राहील. हे कारण रुंदी वाढवायला पुरते, मात्र नेमके साडेपाच फूट का, याचे उत्तर देत नाही. इंजिनिअरांनी आधीच आखून ठेवलेल्या ५ ते साडेपाच फुटांच्या टप्प्यात ते उत्तर बसते. त्या टप्प्याचा मध्य आयर्लंडने घेतला, वरचे टोक भारताने. दोन्ही रूळ एकाच चर्चेची लेकरे म्हणता येतील आणि त्यांच्यात फरक अवघ्या तीन इंचांचा आहे.

खेळण्याच्या रुळाचे कूळ जर्मनीत आहे. मेर्कलिन कंपनीने १८९१ मध्ये आपल्या रुळांना १ पासून पुढे क्रमांक दिले. आकडा जितका मोठा, तितका रूळ रुंद. पुढे १ पेक्षाही लहान रूळ काढायची वेळ आली, तेव्हा एकाच्या अलीकडचा आकडा घ्यावा लागला, तो शून्य. या '०' गेजची रुंदी ३२ मिलिमीटर. त्याहून लहान रूळ आला, तेव्हा उणे एक म्हणण्याऐवजी शून्यावर शून्य ठेवले गेले: '००'.

इंग्रजी बोलणाऱ्यांनी या शून्याचे अक्षर केले. '००' चे 'डबल ओ' झाले, आणि मेकॅनो कंपनीने १९३८ मध्ये आपली छोटी रेल्वे बाजारात आणताना त्याचे नाव बनवले, हॉर्नबी डब्लो. आयरिश डबे जमवणाऱ्याच्या कानाला 'डब्लो'त डब्लिन ऐकू येते, पण त्याचा उगम डबल ओ एवढाच. जर्मन माणूस मात्र आजही या '०' ला 'नुल', म्हणजे शून्यच म्हणतो. मुंबईत 'एचओ', 'ओओ' अशी अक्षरे रुळली आहेत. खोक्यावर ती अक्षरे म्हणून छापलेली असतात, त्यामुळे ती आकडे आहेत हे सहसा ध्यानात येत नाही. खरे तर हा आकडा भारतातूनच निघालेला. संस्कृत 'शून्य'चे अरबीत 'सिफ्र' झाले, आणि त्यातून युरोपचा 'झीरो' आला. जुन्या मराठी शाळेत शून्याला 'पूज्य' म्हणत. त्या रीतीने बोरिवलीच्या कपाटातली आयरिश गाडी 'दोन पूज्यां'ची ठरते.

'एचओ' या ओओहून थोड्या लहान प्रमाणातला एच 'हाफ'चा, म्हणजे अर्ध्याचा. पण अर्धे कशाचे? सोपे उत्तर, ० गेजच्या रुळाचे. ३२ चे अर्धे १६, आणि १९२२ मध्ये न्युरेम्बर्गच्या बिंग कारखान्याने केलेली टेबलावरची छोटी रेल्वे खरोखरच १६ मिलिमीटरची होती. मग अर्धा मिलिमीटर कुठून वाढला? त्याचे उत्तर रुळात नाही, प्रमाणात आहे. ० गेजचे इंग्लंडमधले प्रमाण फुटाला सात मिलिमीटर. ४ फूट साडेआठ इंचांना साताने गुणले की ३२.९६ येतात, म्हणजे खरे तर ३३. कारखान्याने सोयीसाठी ३२ केले होते. प्रमाण अर्धे केले की फुटाला साडेतीन मिलिमीटर होते, आणि रूळ येतो १६.४८. साडेसोळा! म्हणजे आधी रूळ अर्धा झाला आणि १६ आला. नंतर प्रमाण अर्धे झाले आणि १६.५ आला. १:८७ च्या एचओत हा आकडा इंग्लंड-युरोपच्या रुळासाठी केसभरही चुकत नाही.

चूक त्यानंतरची आहे. ब्रिटिश इंजिने अंगाने लहान. साडेतीन मिलिमीटरच्या प्रमाणात त्यांच्या पोटात त्या काळची मोटर मावेना. म्हणून इंजिनाचे अंग फुटाला चार मिलिमीटर केले गेले, पण रूळ साडेसोळाचाच ठेवला, कारण चाके आणि सांधे तयार होते. अशा रीतीने ओओचा जन्म झाला. इंग्लंडच्या गाडीला तो सुमारे २.३ मिलिमीटरने अरुंद पडतो. आयर्लंडची छोटी रेल्वे ब्रिटनच्याच बाजारातून वाढली, म्हणून तिने तोच रूळ उसना घेतला, आणि तिथे तूट झाली साडेचार मिलिमीटर.

सुरुवातीची आयरिश मॉडेल्स म्हणजे बहुतेक ब्रिटिश साच्यांवर चढवलेला आयरिश रंग. डब्लिनच्या मर्फी मॉडेल्सने खऱ्या आयरिश इंजिनांचे साचे करवून घेतले, पुढे आयरिश रेल्वे मॉडेल्सने मालडब्यांपासून सुरुवात करून 'ए क्लास' इंजिनापर्यंत मजल मारली. मुंबईच्या संग्राहकाला या ए क्लासशी जुनी ओळख सांगता येते. मूळची ६० इंजिने १९५५–५६ मध्ये मँचेस्टरच्या मेट्रोपॉलिटन-विकर्सने आयर्लंडला पुरवली. याच कंपनीची विजेची यंत्रणा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या घाटातल्या इंजिनांत होती, ज्यांना रेल्वेचे कामगार 'खेकडा' म्हणत. दुसरी ओळख विजेची. बोरिवलीपर्यंतची लोकल जानेवारी १९२८ मध्ये १,५०० व्होल्ट डीसीवर धावू लागली. डब्लिनची उपनगरी गाडी 'डार्ट' जुलै १९८४ मध्ये त्याच १,५०० व्होल्ट डीसीवर सुरू झाली. मुंबईने २०१६ पर्यंत हा दाब सोडून एसी स्वीकारला. डब्लिनमध्ये तो चालू आहे.

परदेशातून मागवलेल्या मॉडेलला भारतात येताना पुन्हा खेळण्याचेच कूळ लागते. सीमाशुल्काच्या यादीत प्रमाणबद्ध लहान नमुने खेळण्यांबरोबर ९५०३ याच शीर्षकाखाली येतात. या शीर्षकावरचे मूळ शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७०. शुल्क मालाच्या किमतीवरच नाही, वाहतूक आणि विम्यासह धरलेल्या किमतीवर बसते. म्हणून एकेक डबा मागवण्यापेक्षा तीन-चार डब्यांचा संच एकाच खोक्यात आणणे वाहतुकीच्या दृष्टीने स्वस्त पडते. बिलावर मॉडेलचे नाव, प्रमाण आणि खरी किंमत स्पष्ट असली की अडचणी कमी होतात.

खोके उघडल्यावर पहिले काम व्हर्नियरचे. चाकांची जोडी काढून दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर मोजावे. ओओत ते साडेचौदाच्या आसपास हवे. अर्धा मिलिमीटर कमी भरले तर सांध्यावर चाक चढते आणि डबा घसरतो. मुंबईच्या दमट हवेत रुळाच्या माथ्यावर काळा थर लवकर धरतो. गाडी थबकू लागली की आधी मोटरवर संशय न घेता आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा रुळावरून फिरवावा.

हौशी आयरिश कारागीर आज चाकांमधले अंतर वाढवून २१ मिलिमीटरचा रूळ हाताने टाकतात. भारतीय गाड्या बनवणाऱ्यांचा पेच तोच, थोडा कठीण. पुण्यात कोथरूडला जोशींचे मिनिएचर रेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. ते एचओचे, म्हणजे साडेसोळाचेच. त्या प्रमाणात भारतीय ब्रॉडगेज सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवा. मुंबईच्या लोकलचा डबा १२ फूट रुंद. ओओत तो ४८ मिलिमीटर होतो, आणि साडेसोळाच्या रुळावर त्याचे अंग दोन्ही बाजूंना पावणेसोळा मिलिमीटर बाहेर लोंबते. म्हणून लोकलचे मॉडेल करणाऱ्याने आयरिश कारागिरांची पद्धत उचलणे सर्वांत शहाणपणाचे. त्यांचे आस, त्यांचे साचे आणि सांधे टाकण्याची रीत तयार आहे. लाकडाच्या फळीवर दोन्ही खरे रूळ शेजारी टाकले, एक डब्लिनचा २१ मिलिमीटरचा आणि एक बोरिवलीचा २२ मिलिमीटरचा, तर त्यांच्यात फरक राहतो एका मिलिमीटरचा: १८४० च्या दशकातल्या त्या चर्चेतल्या तीन इंचांचा.