बंडीवाटेचा हिवाळा : महागाव परिसरातील प्रवास आणि खाणे

यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव परिसरात प्रवासाचा ऋतू दिवाळीनंतर सुरू होई. पूस आणि पैनगंगा नद्यांच्या खोऱ्यांतली जमीन काळी, चिकण आणि खोल. पावसाळ्यात तिच्यात बंडी आसापर्यंत रुते. नाल्यांवर पूल नव्हते. कार्तिकातल्या उन्हाने चिखल वाळला, की चाकोऱ्या घट्ट होत, नद्यांचे उतार मोकळे होत आणि चार महिने अडकलेली माणसे बाहेर पडत. सोयरिकी, बाजार, यात्रा, कापसाची विक्री, सारे या थंडीच्या दिवसांवर येई. बर्फाळ मुलखात वाट घट्ट करण्याचे हेच काम गोठण करते. लडाखमध्ये गोठलेली झांस्कर नदी, म्हणजे ‘चादर’, हीच लेहकडे जाणारी हिवाळी वाट होती. तिथे वाटेवर काही उगवत नसल्याने प्रवासी सातूचे भाजलेले पीठ बरोबर घेई. महागावकडच्या प्रवाशाची शिदोरी लहान असे, कारण त्याची वाट उभ्या पिकातून जाई.

बंडीच्या आधी या वाटा बंजाऱ्यांच्या होत्या. बैलांच्या पाठीवर दुहेरी गोणी लादून धान्य आणि मीठ वाहण्याच्या त्यांच्या व्यापाराला लदेणी म्हणत. लदलेल्या बैलाला बांधलेला रस्ता लागत नाही, म्हणून पुसदच्या डोंगराळ भागात लदेणी सोयीची होती. पुढे पक्के रस्ते आले, 1867 मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरला पोचला, आणि हा धंदा ओसरला. तांडे डोंगरउतारांवर स्थिरावून शेती करू लागले. ज्वारीच्या भाकरीला गोरबोलीत ‘बाटी’ म्हणतात, आणि तांड्यावर आजही ती रोजची आहे.

1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि पैनगंगा सरहद्द बनली. नदीपलीकडच्या निजामी मुलखाला वऱ्हाडात ‘मोगलाई’ म्हणत. माहूर त्याच मोगलाईत होते. त्यामुळे मार्गशीर्षात दत्तजयंतीला माहूरला जाणारा महागावकडचा यात्रेकरू धनोड्याजवळ नदी उतरून दुसऱ्या राज्यात पाऊल ठेवी, जिथे नाणे वेगळे होते आणि मालावर करोडगिरी लागे. 1905 मध्ये पुसद तालुका वाशीमकडून यवतमाळ जिल्ह्यात आला. महागाव तेव्हा त्याच तालुक्यात होते. सरहद्द पुढेही तशीच राहिली. 1956 मध्ये माहूरचा भाग आदिलाबादमधून नांदेड जिल्ह्यात आला, तेव्हा नदी केवळ दोन जिल्ह्यांची सीमा उरली.

यात्रेची बंडी म्हणजे चालते घर. तळाशी कडबा, त्यावर सतरंजी, बैलांसाठी सरकी, मागे पिठाची पिशवी आणि तांब्या. मुक्कामाला रोडगे होत, आणि प्रवासात त्यांच्याइतके सोयीचे दुसरे काही नव्हते. जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेचे, आत एकात एक थर दिलेले हे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजतात. त्यांना तवा लागत नाही, पोळपाटही नाही. राख झटकून, फोडून, तूप घालून ते वरणाबरोबर आणि वांग्याच्या भाजीबरोबर खातात. पानगे त्यांचेच हलके रूप. ते पळसाच्या पानांत गुंडाळून भाजतात, आणि पानाचा किंचित धुरकट वास त्यांना लागतो. पळस या रानांत मुबलक आहे.

बाकीचे खाणे वाटेच्या दोन्ही बाजूंना उभे असे. तुरीचे ओले दाणे, म्हणजे सोले, वांग्यात घालत. तुरीच्या शेंगा मीठ टाकून उकडत. वांगी तुराट्यांच्या जाळावर भाजून भरीत होई. वाणी ज्वारीचा हुरडा गोवऱ्यांच्या आगीवर भाजून, हातावर चोळून, मिरचीच्या ठेच्याबरोबर खात. शेतमालकाने वाटसरूला हुरड्याला बोलावणे हा पाहुणचाराचा साधा भाग होता.

कापसाच्या बंड्यांचा प्रवास अधिक खडतर. 1972 मध्ये राज्याची एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाल्यावर खरेदी केंद्रांसमोर त्यांच्या लांबच लांब रांगा लागत आणि शेतकरी ऐन थंडीच्या रात्री कापसावर घोंगडी पांघरून काढत. बरोबर आणलेली भाकर आणि ठेचा दुसऱ्या दिवसापर्यंत पुरवावा लागे.

हुरड्याला पहिला धक्का रस्त्याने नव्हे, बियाण्याने दिला. 1964 मध्ये सीएसएच-1 ही संकरित ज्वारी आली. जुनी गावरान ज्वारी थंडीत पक्व होई; संकरित वाण लवकर तयार होई आणि परतीच्या पावसात सापडल्यास कणसे काळी पडत. नंतर सोयाबीनने ज्वारीचे उरलेले क्षेत्रही बरेचसे घेतले. आता नागपूर–तुळजापूर राष्ट्रीय महामार्ग महागाववरून जातो आणि बारा महिने चालू असतो. प्रवासाला ऋतूची वाट पाहावी लागत नाही. ज्वारी मागे हटली, तरी सोले टिकून आहेत, कारण कापसाच्या ओळींमध्ये तूर अजूनही पेरली जाते आणि तिच्या शेंगा पौषातच भरतात.