शिवाजी पेठ, मंगळवार पेठ आणि कोरमंगला

कोरमंगल्यात शाळांचे फुटबॉल सामने जवळ आले, की आमची नातवंडे प्रतिस्पर्धी शाळेची उणीदुणी काढू लागतात. ते ऐकताना आम्हां कोल्हापूरकरांना आपली पेठ आठवते.

कोल्हापूर म्हटले की लोकांस कुस्ती आठवते. परंतु ज्या तालमींनी मल्ल घडविले, त्यांनीच पुढे फुटबॉलचे संघ उभे केले, हे इकडच्या मंडळींना सांगूनही पटत नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावे तालमींची, तशीच संघांचीही. त्यामुळे आखाड्यातली ईर्ष्या थेट शाहू स्टेडियमवर जाऊन बसली. शिवाजी तरुण मंडळ विरुद्ध पाटाकडील, म्हणजेच शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ, असा सामना ठरला की चार दिवस आधीपासून चहाच्या टपरीवर दुसरा विषय नसे. एका पेठेत माहेर आणि दुसरीत सासर असलेल्या सुनेने त्या दिवशी कोणाचा पक्ष घ्यावा, हा प्रश्न विनोदाने, क्वचित गांभीर्यानेही, विचारला जाई.

या ईर्ष्येची दुसरी बाजू झाकण्यात अर्थ नाही. समर्थकांच्या हाणामाऱ्यांनी तेथील हंगाम डागाळले आहेत, आणि त्याचा तोटा सोसला तो खेळाडूंनी. 2017 साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा, हे आम्ही अभिमानाने सांगतो. पण त्याची घडण पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली, हेही सांगावयास हवे.

बंगळूरचा फुटबॉल लष्करी छावणीत रुजला, ऑस्टिन टाउन आणि गौतमपुऱ्याच्या गल्ल्यांनी जपला. 1968-69 मध्ये म्हैसूरने जिंकलेला संतोष करंडक कर्नाटकास पुन्हा लाभण्यास 2023 उजाडले, तेही दूर रियाधमध्ये. कोरमंगला त्या मानाने नवखे. 1997 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी येथे खेळाडूंची वसाहत उभी राहिली, एवढीच त्याची पुंजी. येथे पेठ नाही, तालीम नाही. मुलांना शाळा हीच पेठ. त्यांची नजर मात्र 1960 पासून चालत आलेल्या सुब्रतो चषकावर असते.

येत्या हंगामात आमच्या मंडळातील दोन घरांची मुले समोरासमोर उभी राहतील. एक घर मूळचे शिवाजी पेठेतले, दुसरे मंगळवार पेठेतले. मुलांना याची वार्ता नाही, आणि ती द्यावी की नाही यावर आमचे एकमत झालेले नाही. मैदानाच्या कडेची बाके तेवढी आम्ही आताच वाटून घेतली आहेत.