हरण्याची विद्या

बुद्धिबळाचा एक प्रकार असा आहे की, ज्याची सर्व मोहरी आधी संपतील तो जिंकतो. फ्रेंचांनी त्याला 'जो हरतो तो जिंकतो' अशा अर्थाचे नाव दिले. इंग्रजीत 'लूझिंग चेस' किंवा 'सुइसाइड चेस' म्हणतात. नावांवरून हा पोरखेळ वाटतो. तो तसा नाही, याचे कारण त्याच्या एका नियमात आहे : मारणे शक्य असेल, तर मारलेच पाहिजे. राजालाही येथे वेगळा मान नाही. त्याला शह नाही, मात नाही. इतरांसारखा तोही मारला जातो.

या नियमाने बळाचा अर्थच उलटतो. वजीर सर्वांत धोक्याचा, कारण त्याच्यावर मारण्याची सक्ती सर्वांत अधिक वेळा येते. पांढऱ्याने वजिरासमोरचे प्यादे एकच घर सरकवले, तरी काळा आपल्या राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचे प्यादे दोन घरे टाकून पांढऱ्या उंटाला ते खायला लावतो. मग तो उंट काळ्याच्या घरात खात सुटतो, आणि साधी वाटलेली ती पहिली चालच पांढऱ्याचा घात करते. देणे येथे स्वेच्छेचे, घेणे सक्तीचे.

हा उलटेपणा मूळ बुद्धिबळाला अगदीच परका नाही. शह नसताना खेळाडूला एकही चाल उरत नाही, त्या कोंडीला आज आपण बरोबरी मानतो. अरबी शतरंजात मात्र कोंडी करणारा जिंकत असे. सतराव्या-अठराव्या शतकांतल्या इंग्लंडमध्ये, उलट, कोंडी करणाराच हरत असे. पटावरची स्थिती तीच, निकाल तीन. म्हणजे जय-पराजय पटावर नसतात. खेळणाऱ्यांनी मान्य केलेल्या संकेतात असतात. हरण्याच्या बुद्धिबळाने हा संकेत फक्त टोकाला नेला.

२०१६ साली मार्क वॉटकिन्स या गणितज्ञाने संगणकाच्या साहाय्याने सिद्ध केले की, पांढऱ्याने राजासमोरचे प्यादे एक घर पुढे टाकून आरंभ केला, तर अचूक खेळाने त्याचा विजय निश्चित आहे. नेहमीच्या बुद्धिबळाविषयी असे उत्तर अद्याप कुणापाशी नाही. ज्याला आपण थट्टा समजलो, त्याचा उलगडा झाला. ज्याला विद्या मानले, ती अजून उलगडायची आहे.

तरीही हा खेळ मेला नाही. ती सिद्धता पाठ करणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणून पटासमोर बसलेल्या दोघांना नेमके काय सोडायचे, हे आजही स्वतःच शोधावे लागते.