मुर्तजा मोमय्यज : अक्षराला चित्र मानणारा माणूस

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. देवनागरीतले अक्षर शिरोरेषेखाली आपली जागा धरून उभे असते. उर्दूत तसे नाही. 'बे' हा हर्फ शब्दाच्या सुरुवातीला एका रूपात, मध्ये दुसऱ्या रूपात आणि शेवटी तिसऱ्याच रूपात येतो. मुले इथेच अडखळतात, आणि छापखानाही इथेच अडखळला होता. नस्तालीक खत तिरपे, उतरत येते. शिशाचे खिळे सरळ ओळीत बसतात. इराणने छपाईसाठी नस्ख स्वीकारले. आपल्या उर्दूने नस्तालीक सोडले नाही. कातिब पानेच्या पाने हाताने लिहीत राहिले. १९८१ मध्ये पाकिस्तानात नूरी नस्तालीक संगणकावर आले आणि पुढे किताबतीचा धंदा बसत गेला.

इराणने खिळे घेतले, म्हणून तिथली सुंदर लिखाई मेली का? नाही, आणि याचे बरेच श्रेय मुर्तजा मोमय्यज यांना जाते. (मुमय्यिज म्हणजे फरक ओळखणारा, आपला 'तमीज' शब्द त्याच धातूचा. नाव अगदी शोभले.)

तेहरानच्या या चित्रकाराचे नाव झाले ते १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, कवी अहमद शामलू यांच्या संपादनाखाली निघालेल्या 'किताब-ए-हफ्ता' या साप्ताहिकातून. कथा-कवितांसाठी त्यांनी काढलेली काळी-पांढरी चित्रे मजकुराची सजावट करत बसत नाहीत, मजकुराच्या बरोबरीने बोलतात. १९६५ मध्ये ते तेहरान विद्यापीठाच्या ललितकला विभागातून पदवीधर झाले, पुढे पॅरिसला शिकले आणि १९६८ मध्ये परतले.

परतल्यावर त्यांनी जे केले ते मला त्यांच्या कुठल्याही पोस्टरपेक्षा मोठे वाटते. तेहरान विद्यापीठात ग्राफिक हा स्वतंत्र विषय त्यांनी उभा केला. तोवर जाहिरात, मुखपृष्ठ, बोधचिन्ह ही चित्रकाराने पोटासाठी करायची दुय्यम कामे समजली जात. आता त्यांची पदवी मिळू लागली. गुरूच्या शेजारी बसून शिकायची कला वर्गात आली, तीही संगणक येण्याच्या कितीतरी आधी. आपल्या बहुतेक कातिबांच्या वाट्याला असा वर्ग आला नाही. यंत्र आले तेव्हा त्यांच्या हातात कलम होते आणि डोक्यात पिढ्यांचे ज्ञान, पण त्या ज्ञानाला नव्या धंद्यात नाव नव्हते.

त्यांच्या कामात पॅरिस दिसते, पण उसने वाटत नाही. रोमन अक्षरे सुटी असतात, म्हणून युरोपातला रचनाकार ती हवी तशी मांडतो. फारसी हर्फ एकमेकांचा हात धरतात. मोमय्यज यांनी ती अडचण मानली नाही. शब्दाचा जो एकसंध आकार होतो, त्यालाच त्यांनी चिन्ह केले. तेहरानच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची त्यांची पोस्टर्स शोधून पाहा. हल्ली इंटरनेटवर सहज सापडतात. (त्या काळात तिथे सिनेमा आणि ग्राफिक एकाच घरात नांदत. दिग्दर्शक अब्बास कियारोस्तमीही आधी पोस्टर आणि श्रेयनामावल्या करत असत.)

त्यांची एक वेगळीच बाजूही आहे. १९७० च्या दशकात त्यांनी छतापासून सुऱ्या टांगल्या, टोके खाली, पाहणाऱ्याच्या डोक्यावर. कुंडीत रोपाच्या जागी सुऱ्याही लावल्या. शहाच्या राजवटीतल्या इराणात प्रेक्षकाला अधिक समजावण्याची गरज नसावी.

१९७९ च्या क्रांतीनंतर देश बदलला, त्यांचे काम आणि शिकवणे चालू राहिले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या पुढाकाराने इराणी ग्राफिक रचनाकारांची संघटना उभी राहिली. नोव्हेंबर २००५ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी रजा आबेदिनी या १९६७ साली जन्मलेल्या रचनाकाराला नेदरलँड्सचा प्रिन्स क्लॉस पुरस्कार मिळाला. त्यांच्या पोस्टरांत माणसाची आकृती फारसी ओळींनीच भरलेली असते. कुठे मजकूर संपतो आणि कुठे अंगरखा सुरू होतो, ते कळत नाही.